खंडेनवमीला भिजलेला कॅमेरा

कारंज्याला आमच्या संत्रा ग्रेडिंगच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळ्या मशिनींना हळद-कुंकू लागतं. त्या वर्षी मेकॅनिक काकांनी नारळ फोडला आणि मोठ्या श्रद्धेनं पाणी शिंपडलं, ते थेट पट्ट्यावरून सरकणारी संत्री पारखणाऱ्या कॅमेऱ्यात. पट्टा सुरू केला तर पडद्यावर संत्री नाहीतच, नुसत्या आडव्या रेघा.

मॅनेजर साहेब तापले. "कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि काका, तुम्ही उद्यापासून गेटवर बसा."

माझं घर कोकणात. शाळा आठवीतच सुटलेली, इथं ओळखीचं कोणी नाही. क्रेट उचलायला आलेल्या मला काकांनीच एक निकामी कॅमेरा उघडून शिकवलं होतं. काचेमागे नखाएवढा सेन्सर, त्यावर डोळ्यांना न दिसणारी लाखो घरं. "टोपल्याच समजजो पोरी," काका म्हणायचे. उजेड पडला की टोपलीत वीज साठते. किती साठली त्याचा आकडा होतो, आणि मागच्या बोर्डावरची चिप ते आकडे ओळीनं लावून केबलमधून कॉम्प्युटरला धाडते. कॅमेऱ्याला संत्रं कळतच नाही, त्याला फक्त आकडे.

रेघा येतायत म्हणजे कॅमेरा जिवंत आहे, आकडे वाटेत बिघडतायत. सेन्सरचा बोर्ड आणि मागचा बोर्ड यांच्या जोडात पाणी गेलं असणार.

"साहेब, मी उघडते."

"तू? आठवीवाली? बिघडला तर सामान बांधायचं."

घरी काय सांगणार होते मी? तरी तोंडातून निघून गेलं, "बांधीन. पण काका गेटवर जाणार नाहीत."

काका कुजबुजले, "माह्यासाठी काऊन भांडून राह्यली? नोकरी जाईन तुही."

"जाऊ दे. तुम्ही टॉर्च धरा."

वीज बंद केली, स्क्रू काढले. जोडाच्या बारीक दातांवर चिकट थेंब बसला होता. स्पिरिटनं पुसला, गार हवा मारून वाळवला. सेन्सरला बोट लागू दिलं नाही.

वीज दिली. पडद्यावर संत्री आली, हिरव्या डागांसकट.

साहेब पडदा बघून निघाले. मी वाट अडवून विचारलं, "मग गेटवर कोण बसणार?"

"वॉचमन आहे ना गेटवर," साहेब केबिनकडे वळत म्हणाले. "काकांना सांग, पट्टा चालू करा."