जांभळ्या रेघा आणि दिवाळीचं उटणं

पनवेल, साठच्या दशकातली नरकचतुर्दशी. पहाटे ओट्यावर पणत्या लावून आत आले, तर मोरीतून जांभळं पाणी वाहत होतं... मी तशीच मोरीकडे धावले.

आईला कॅन्सर होता. आळीत कोणी तो शब्द उच्चारत नसे, ‘तो आजार’ म्हणत. मुंबईच्या इस्पितळात तिच्या छातीला लाईट, म्हणजे रेडिएशन, देत होते आणि तो नेमका कुठे द्यायचा, त्या रेघा डॉक्टरांनी जांभळ्या शाईने कातडीवर आखल्या होत्या. तिथे पाणी लावायचं नाही, ही सक्त ताकीद. दिवाळीपुरतं घरी सोडलं होतं.

अशा घरांना गावातल्या बायकांचं एक मंडळ सांभाळायचं. आमचा डबा, धाकट्या भावंडांच्या वेण्या, सगळं त्याच बघत. त्यातल्या दुर्गाकाकू त्या पहाटे उटणं घेऊन हजर! आई भिडस्त. एकदा ‘नको’ म्हणाली, पण ऐकतंय कोण? काकूंनी तेल चोळलं आणि शाईचे ‘डाग’ शिकेकाईने खसाखसा घासून काढले.

“कोणाला विचारून केलंत हे, काकू?” मी ओरडलेच.

“कॉन्व्हेंटात हेच शिकवतात वाटतं, मोठ्यांवर खेकसायला? सणाच्या दिवशी बाईने पारोसं राहायचं?”

मग मी रेघा कशासाठी होत्या ते सांगितलं. काकूंनी घाईघाईने पंचा घेऊन आईचं अंग टिपलं, पण रेघा केव्हाच गेल्या होत्या.

पुढचे दिवस कसे काढले, विचारू नका... लाईट भलतीकडेच पडला तर? ट्रीटमेंट अर्धवटच राहिली तर? चकल्यांच्या डब्याला कोणी हात लावला नाही. बाबा नुसते येरझारा घालत होते.

भाऊबीजेला इस्पितळात परत जायचं होतं. सकाळी एस.टी. स्टँडवर गेलो, तर काकू आमच्या आधी उभ्या. “भावाला कळवलंय, पुढच्या वर्षी ये म्हणून,” एवढंच बोलल्या. वाटभर आईचा हात सोडला नाही.

इस्पितळात सगळ्यांच्या पुढे होऊन डॉक्टरांना म्हणाल्या, “हिला रागावू नका. पुसलं ते मी.” डॉक्टर रागावले, भरपूर रागावले. पण मापं त्यांच्याकडे होती. रेघा पुन्हा आखल्या गेल्या आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

काकू मात्र हलेनात. “आता काय चालतं, काय चालत नाही, ते सगळं मला सांगा. माझ्यासारख्या अजून पुष्कळ आहेत गावात.” त्यानंतर मंडळाची एकही बाई पेशंटच्या घरी न विचारता कशाला हात लावत नसे.

आज कॅन्सर पेशंटकडे काढे, अंगारे आणि फोनवरचे व्हिडिओ घेऊन धावणारे शिकलेसवरलेले बघते आणि डोकं फिरतं. अहो, आधी विचारा तरी!

पुढच्या दिवाळीला आई बरी होती. काकू उटण्याची वाटी घेऊन आल्या आणि मोरीच्या दाराशीच थांबल्या.

“लावू का गं?”

आई हसली आणि काकूंपुढे पाठ करून बसली...