उंबऱ्याबाहेरचा दोरा

आमच्या घरात ‘चमत्कार’ हा शब्द चालत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देवघर मोकळं केलं, आणि अंगारे-धुपारे त्या दिवशी घराबाहेर गेले ते गेलेच. मी पालीत एम.ए. केलं, बौद्धाचार्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, वर्ध्याच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. समुद्रपूरकडच्या आमच्या गावात लग्न असो की मयत, विधी मीच लावायचा असं ठरूनच गेलं होतं. धर्मातलं काही अडलं की लोक म्हणत, सरांना विचारा. मलाही ते आवडायचं. म्हणूनच पुढचं लिहिताना मन कचरतं आहे.

गावच्या विहारात अंजनामावशी होती. माझ्या आईची मैत्रीण, जन्मभर कापूस वेचलेली, अक्षरओळख नाही. गाथा सगळ्या ऐकून ऐकून पाठ. परित्राण पाठाला बुद्धमूर्तीपासून एक पांढरा दोरा काढून बसलेल्या सगळ्यांच्या हातांतून फिरवतात आणि पाठ संपला की तोच मनगटांना बांधतात. मावशी त्या दोऱ्याचं शेवटचं टोक उंबऱ्याबाहेर सोडायची. “ज्याले येता नाई आलं, त्याच्यासाठी,” म्हणायची. पावसाळ्यातल्या एका वर्षावासात मी भर विहारात तिला विचारलं, “मावशी, हे कोणत्या ग्रंथात लिहिलंय?” मी कात्री मागवली आणि उंबऱ्यापाशी दोरा कापला. कोणी मला अडवलं नाही. त्या दिवसापासून ती मागे बसू लागली. पुढे गुडघे गेले तेव्हा वर्ध्याला लेकीकडे राहायला गेली. ती गेली तेव्हा मला बरंच वाटलं होतं, हे कबूल करतो.

गेल्या वैशाखात आईला अर्धांगाचा झटका आला. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. घरी आणली तर ती कोणालाच ओळखेना. जीभ जड झालेली, नुसते घशातून आवाज काढायची. मग पाणीही गिळेना. चमचा ओठाला लावला की पाणी हनुवटीवरून ओघळायचं. त्याहून वाईट हे की माझा आवाज ऐकला की तिच्या डोळ्यांत भीती उतरायची, कोणी परका माणूस घरात शिरावा तशी. मला फार काही नको होतं. तिने जाण्याआधी मला एकदा ओळखावं आणि न घाबरता जावं, एवढंच हवं होतं.

त्या दुपारी बायको औषध आणायला समुद्रपूरला गेली होती आणि अर्धं गाव एका लग्नाला. ऊन इतकं की पानही हलत नव्हतं. मी आईच्या खाटेजवळ बुद्धमूर्ती ठेवली, मूर्तीभोवती दोरा गुंडाळला, आईच्या मुठीत दिला, स्वतः धरला. दोऱ्याचं रीळ मांडीवरून घसरलं आणि गडगडत उंबरा ओलांडून अंगणात गेलं. उठून आणावं म्हटलं, पण आईने माझं बोट घट्ट धरलं होतं. तसाच पाठ सुरू केला.

तिसऱ्या ओळीनंतर शब्द संपले. विसरलेली गोष्ट निदान आठवेलसं तरी वाटतं. इथे आत काहीच नव्हतं. आई माझ्याकडे बघून कण्हू लागली. आणि माझ्या बोटांतला दोरा हळूच ताणला गेला.

मला वाटलं, कुत्रं असेल. मी दाराकडे पाहिलं. दोरा जमिनीला टेकला नव्हता. उंबऱ्यावरून तो सरळ बाहेर गेला होता, मांडी घालून बसलेल्या माणसाचा हात जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्या उंचीवर, आणि उन्हात दिसेनासा झाला होता. श्वास चालावा तसा मंद ओढला जाई, सैल होई.

मग आईचा आवाज आला. स्वच्छ. मी जिथे थांबलो होतो तिथून पुढची ओळ ती म्हणाली. मग त्यापुढची. काय करावं ते न कळून मी तिच्यामागून म्हणू लागलो, लहान मुलं म्हणतात तसं. पाठ पुरा झाल्यावर ती दाराकडे पाहत म्हणाली, “अंजनाले उन्हात काऊन बसवली? आत घे तिले, पुढं बसव.” आणि माझ्याकडे वळून, “बाळ्या, पानी दे.”

ती अर्धा पेला प्यायली. दोरा केव्हा खाली पडला ते मला कळलं नाही. अंगणात रीळ होतं, आणि त्याच्याभोवती धुळीत पाऊलखूण एकही नव्हती.

आई त्यानंतर सव्वा महिना जगली आणि शांतपणे गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी वर्ध्याला अंजनामावशीकडे गेलो. ती तरी हयात आहे की नाही याची खात्री नव्हती. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती हसली.

“मी कुठून येईन बाप्पा? न्हानीत न्यायले मले दोघं लागतात.”

मी तिच्या पायाशी बसलो आणि कात्रीबद्दल माफी मागितली. तिने लसणाचं ताट बाजूला सारलं.

“एक इचारू काय?” ती म्हणाली. “हे जे मी जलमभर म्हणून राह्यली, त्याचा अर्थ काय होते? कोणी सांगतलाच नाई. तुले तर सारं येते, पन तुले इचारायची हिंमत नाई झाली कधी.”

इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसत होती. मी तिला ग्रंथ दाखव म्हणालो होतो, तो वाचून दाखवतो असं एकदाही म्हणालो नव्हतो. मला स्वतःची फार लाज वाटली. मग मी त्या दुपारच्याच पाठाची एकेक ओळ घेऊन तिला सांगू लागलो. ती मान हलवत ऐकत होती. आई आपल्या एकुलत्या लेकराला जीव लावून जपते, त्या ओळीपाशी आलो. वर्गात ती मी कितीदा फळ्यावर लिहून समजावली असेल. त्या दिवशी ती माझ्या तोंडून पुरी झाली नाही.

मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला लसणाचा वास होता.

“राहू दे,” ती म्हणाली. “समजलं मले.”

मी हात जोडले. कोणाला जोडले ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एवढं खरं की आई गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते तिथे आलं, आणि ते मी अडवलं नाही.