सीटवालीच्या हातातलं काम

अगं सीटवाली,

सगळा बाजार तुला याच नावाने हाक मारतो, म्हणून मीही. पत्र लिहायचा मला कंटाळा आहे. पण माझ्या सायकलप्रवासाचा विषय निघाला की जो तो विचारतो, "वाटेत चांगली माणसं भेटली का हो?" भेटली की, ढिगाने भेटली. कुणी पाणी दिलं, कुणी झोपायला ओसरी दिली, आणि झाडून सगळ्यांनी वर फुकटचा सल्ला दिला, की या वयात बाईमाणसाने एकटीने हिंडू नये. तू तेवढी सल्ला दिला नाहीस. सरळ सायकलच अडवलीस.

दुपारची वेळ. चढ संपवून मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी धापा टाकत उभी होते, तर तू धावत आलीस. ओठांत धरलेल्या चुका, ते बारीक खिळे, तळहातावर काढल्यास आणि म्हणालीस, "मावशी, सीट बघू."

"काय झालंय सीटला?"

"फोम पार बसलाय. कशा काय बसता यावर?"

बसवत नव्हतं म्हणून तर उभी होते. पण मी हो-नाही म्हणायच्या आत तुझा पाना फिरला, सीट हातात आली, आणि तुझ्यामागून मी दुकानात शिरेपर्यंत तू कव्हर टराटरा उसवून मोकळी झाली होतीस.

मी तोंड सोडलं. "अगं, विचारायची काही पद्धत? अंधाराच्या आत मला पुढचं गाव गाठायचंय. आता काय उभ्याने जाऊ?"

तुझं लक्षच नव्हतं. तू रस्त्याकडे बघत होतीस. रस्त्याने तुझा दीर येत होता, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात नवं कोरं कुलूप.

दारात उभं राहून त्याने दुकानभर नजर फिरवली. भिंतीशी रेक्झिनचे गुंडाळे, पायाखाली फोमच्या कापट्या, सोल्युशनचा डोकं उठवणारा वास, आणि खुंटीला एकुलती एक स्कूटरची सीट, शिवून तयार. ती बघून गडी खूश झाला.

"वहिनी, शेवटची ना ही? झालं तर मग."

"झालं कुठे, भावोजी? या मावशींचं उघडलंय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सायकलवरून नाही, छपरातून गळाले. मग वरच्या खिडकीकडे मान करून ओरडला, "आई, काम संपलं गं!"

खिडकीतून तुझ्या सासूबाईंनी डोकं काढलं. "मग ती उसवलेली कोणाची?"

"कोण कुठली बाई आहे."

"बाई असो नाहीतर बुवा. उघडं काम टाकून माझ्या लेकाच्या दुकानाला कुलूप लागायचं नाही." खिडकी लागली. कुलूप आल्या पावली परत गेलं.

मग तू मशीनवर बसून मला एकेक सांगितलंस. नवरा गेला तेव्हा घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं: दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने, आणि तू माहेरी. सासूबाई एवढंच म्हणाल्या, दुकानात उघडं काम आहे तोवर दुकान हिचं. सगळ्यांना वाटलं, महिना-दीड महिन्याचा प्रश्न. तुला तर साधी टीप घालता येत नव्हती. ती तू शिकलीस, बोटं फोडून घेत. आणि एक सीट शिवून व्हायच्या आत दुसरी उसवायची, हेही शिकलीस. गिऱ्हाईक नसलं की रस्त्यावरचा धरायचा. टपालवाला, ट्रकवाला, भंगारवाला, तुझ्या तावडीतून कोणी सुटला नाही.

"म्हणजे तू भली बाई वगैरे नाहीसच," मी म्हटलं. "मला धरून आणलंस."

"आणलं. पण फोम बसलाच होता."

"आणि सासूबाईंना कळत नाही हे?"

"तुम्हाला चढावर त्यांनीच बघितलं. मला हाक मारली, सायकलवाली येतेय, पळ."

मी राहिले. तुझ्या हातचं जेवले, फोमच्या थप्पीवर झोपले, इतकी गाढ झोप घरी नाही लागत. दुसऱ्या दिवशी दीर नव्या चालीने आला. "काकू, मी तुम्हाला नवीन सीट आणून देतो. मऊ, भारीतली. लगेच निघा."

"मला हीच पाहिजे."

"काय ठेवलंय त्या सीटमध्ये?"

"माझी आहे."

"हट्टाला काही अर्थ?"

"तुमच्या कुलपाला जेवढा आहे तेवढा."

तू मान खाली घालून मशीन चालवत होतीस, पण तुझे खांदे हसत होते.

तिसऱ्या दिवशी मात्र पंचाईत झाली. माझ्या सीटची मागची कड तेवढी राहिली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं आणि दीर स्टूल टाकून दारातच बसला होता. तू एक चूक ठोकायचीस आणि वाकडी गेली म्हणून उपटायचीस. असं किती वेळ चालणार? तुझा चेहरा उतरला. तो मला बघवेना.

मी उठले. कोपऱ्यात तुझ्या नवऱ्याची जुनी सायकल होती. तिची सीट काढून माझ्या सायकलला लावली आणि दिराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझी राहू दे तशीच. घाईचं काम मला चालत नाही. परतीच्या वाटेवर येईन, ही देईन, ती नेईन. तोवर उघडी ठेव."

"परत कधी येणार?" दिराने विचारलं.

"सायकलवर आहे. सांगता येत नाही."

तुझ्या नवऱ्याच्या सीटने मला पार समुद्रापर्यंत नेलं. परत येताना मी दुसरा रस्ता धरला. लांबचा होता, खड्ड्यांचा होता, मुद्दाम धरला.

आता माझा मुलगा दर रविवारी विचारतो, "आई, गाडी काढू का? तुझी सीट घेऊन येऊ." मी कधी गुडघ्याचं कारण सांगते, कधी उन्हाचं. गुडघे ठणठणीत आहेत. तुझा दीर विचारायला आला तर सांग, मावशी निघाल्यात, वाटेत आहेत. सीट न्यायला मी आलेले नाही, आणि येणार नाही.