चाळीस अंशांची अट

उन्हाळ्याचा आकडा मोठा आला की पुण्यातल्या माणसाला ती स्वतःची कर्तबगारी वाटते. वैशाख संपत आला की खराडीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारच्या जेवणानंतर फोटो यायला लागतात. सगळे फोटो एकाच वस्तूचे, गाडीच्या डॅशबोर्डवरच्या तापमानाचे. गाडी सकाळपासून उघड्यावर, डांबरावर उभी असते. मालक तिच्यात जाऊन बसतो, आकडा दिसतो सेहेचाळीस, आणि तो लिहितो, ‘आज रेकॉर्ड!’ लगेच खाली दुसऱ्याचे उत्तर येते, ‘आमच्याकडे सत्तेचाळीस.’ दोघांच्या गाड्या एकाच भिंतीला लागून उभ्या असतात.

मी एका वर्तमानपत्राच्या शहर-पानावर काम करते. रोजच्या तापमानाची चौकट बरीच वर्षे माझ्याकडे आहे. पूर्वी संध्याकाळी वेधशाळेत फोन करून आकडा उतरवून घ्यावा लागे, आता तो वेबसाइटवर मिळतो. काम किरकोळ आहे. वेळ जातो तो आकडा न पटलेल्या वाचकांचे फोन घेण्यात. ‘तुमची वेधशाळा झोपलीय का? आमच्या गॅलरीत येऊन बघा!’ वेधशाळा माझी नाही, हे सांगणे मी कधीच सोडून दिले.

कचेरीत वेगळे काही नसते. दर मे महिन्यात एखादा बातमीदार विक्रम घेऊन येतो. त्याने उपनगरात अलीकडे बसवलेल्या स्वयंचलित यंत्राचा आकडा घेतलेला असतो आणि तो शिवाजीनगरच्या वेधशाळेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींशेजारी ठेवलेला असतो. काल बसवलेले यंत्र दर उन्हाळ्यात विक्रम मोडणारच, त्यात त्याचा दोष नाही. ‘जागा वेगळी, यंत्र वेगळे, तुलना करता येत नाही,’ असे म्हणून मी बातमी अडवते, तेव्हा बातमीदार माझ्याकडे मी त्याचे ठरलेले लग्न मोडल्यासारखे बघतो.

वेधशाळेचा आकडा साधा असतो. गवताळ मोकळ्या जागेत, साधारण छातीच्या उंचीवर, झरोक्यांची एक पांढरी लाकडी पेटी असते आणि तिच्यात तापमापक ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाही. तो सावलीतल्या हवेचे तापमान सांगतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचे काय होते आहे, ते तो सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही. उष्णतेची लाट हीसुद्धा व्याख्येची बाब आहे. आमच्यासारख्या मैदानी भागात कमाल तापमान निदान चाळीस अंश हवे आणि सरासरीपेक्षा बरेच जास्त हवे. त्याखाली नुसता उन्हाळा.

आमच्या गेटवर दिवसपाळीला एक बाई असतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा. वाघोलीच्या पलीकडच्या एका गावातून त्या बसने येतात. साडीवर सुरक्षा एजन्सीचा निळा शर्ट आणि डोक्याला टोपी. आधी त्या गेटजवळच्या मोठ्या झाडाखाली बसत. त्या झाडामुळे सोसायटीची स्टीलची अक्षरे रस्त्यावरून दिसत नाहीत, अशी तक्रार आली. फांद्या छाटायची परवानगी मिळाली आणि छाटणी झाल्यावर बुंधा उरला. आता अक्षरे दिसतात. नाव इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ हिरवी शांतता असा काहीसा होतो.

झाडाच्या जागी पत्र्याची केबिन आली. तीन बाजूंना काच, तोंड पश्चिमेला. आत एक पंखा आहे, तो गरम हवा इकडून तिकडे करतो.

त्या मे महिन्यात मावशींना दोनदा चक्कर आली. पहिल्यांदा त्या गेटच्या दांड्याला धरून खाली बसल्या. दुसऱ्यांदा उलटी झाली, तेव्हा ‘एंट्रन्सला अस्वच्छता आहे, कृपया लक्ष द्यावे’ असा निरोप ग्रुपवर आला. एजन्सीच्या माणसाने त्यांना स्पष्ट सांगितले की तिसऱ्यांदा असे झाले तर दुसरी बाई पाठवू. हे त्यांनी मला मी रिक्षातून उतरत असताना सांगितले.

‘ताई, दुपारचं तेवढं आत लॉबीत बसू दिलं तर बरं व्हईल. खुर्ची माझी मी आणते. तुमी पेपरात हाय, तुमचं ऐकत्यात.’

माझे कोणी ऐकत नाही. तरी मी समितीला अर्ज दिला.

बैठक क्लबहाउसमध्ये झाली. एसी इतका गार होता की एक गृहस्थ शाल घेऊन आले होते. अध्यक्ष एका इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झालेले, जन्म पेठेतला, खराडीत राहतात ते मुलाच्या आग्रहामुळे आणि खराडीला माफ केल्यासारखे. सचिव आयटीतला तरुण.

‘लॉबी रहिवाशांसाठी आहे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘आज मावशी बसतील, उद्या इस्त्रीवाला गठ्ठे सोडेल.’

‘फक्त दुपारपुरतं म्हणते आहे मी. त्यांना उन्हाचा त्रास होतोय.’

‘अहो, ऊन काय त्यांनाच लागतं? आम्ही उन्हाळ्यात अनवाणी शाळेत गेलोय.’

‘उन्हाळ्यात तुमची शाळा सकाळची असायची,’ त्यांच्या पत्नी मागच्या रांगेतून म्हणाल्या. कोणी हसले नाही, कारण पुढच्या महिन्यात पार्किंगच्या जागा वाटायच्या होत्या.

अध्यक्षांनी घसा साफ केला. ‘उष्णतेची लाट जाहीर झालीय का? तुम्ही पेपरवाल्या, तुम्हीच सांगा. आज शहराचा अधिकृत आकडा काय?’

आकडा चाळीसच्या आत होता. मी तो सांगितला. मला दुसरे काही सांगता येत नाही.

‘म्हणजे लाट नाही. प्रश्न मिटला.’

‘परवा ग्रुपवर तुम्ही स्वतः सत्तेचाळीस टाकले होते.’

‘ते गाडीतलं हो. ते अधिकृत कुठं असतं?’

सचिवाने लॅपटॉपवरून मान वर केली. ‘मॅडम, डेटाशिवाय डिसिजन कसं घेणार? आपण इमोशनल नको व्हायला.’

‘मग केबिनमध्ये तापमापक लावा आणि मोजा,’ मी म्हणाले.

ही सूचना एकमताने मंजूर झाली. या समितीत एकमत झाले की काहीतरी बिघडणार, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

तापमापक आला. तो बसवण्याची जबाबदारी मोजमापाच्या यंत्रांत नोकरी केलेल्या एका रहिवाशाने आपण होऊन घेतली. गृहस्थ उत्साही. त्यांनी आधी इंटरनेटवर वाचन केले, मग सुताराकडून झरोक्यांची पांढरी पेटी करून घेतली आणि क्लबहाउसमागच्या हिरवळीवर, वेलींच्या मांडवाखाली छातीच्या उंचीवर उभी केली. त्या हिरवळीला दुपारी फवाऱ्यांनी पाणी घालतात.

‘केबिन तिकडे आहे,’ मी म्हणाले.

‘केबिनमधलं रीडिंग स्टँडर्ड नाही होत, मॅडम. पत्रा तापतो ना.’

‘तेच मोजायचं आहे.’

‘मग ते पत्र्याचं तापमान झालं. हवेचं नाही.’ त्यांनी मला लहान मुलीला समजावतात तसे समजावले. ‘तुमची वेधशाळा असंच मोजते. चौकशी करा.’

जो मुद्दा मी वर्षानुवर्षे बातमीदारांना शिकवत आले, तो हाफपँट घालून माझ्यासमोर उभा होता आणि मलाच शिकवत होता. पद्धत बिनचूक होती. फक्त प्रश्न दुसराच होता. शिकलेल्या माणसाला अडाण्यापेक्षा जास्त वेळ चूक करत राहता येते, कारण त्याच्याकडे कारणे असतात.

समितीने नियम केला. हिरवळीवरच्या तापमापकाने चाळीस अंश दाखवले, तर त्या दिवशी दुपारी सुरक्षारक्षकास लॉबीत बसण्याची मुभा राहील. नियम छापून केबिनच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवला. कागद लवकरच पिवळा पडला.

चाळीस कधीच आले नाहीत. पाण्याच्या फवाऱ्याजवळ, वेलीखाली ते येणारही नव्हते. आणि आता ग्रुपवरची स्पर्धा उलटी झाली. डॅशबोर्डचे फोटो बंद पडले आणि पांढऱ्या पेटीचे सुरू झाले. ‘शहरापेक्षा तीन अंशांनी थंड! प्राउड ऑफ अवर सोसायटी.’ एकाने फ्लॅट विकायच्या जाहिरातीत तो आकडा घातला. ‘झाडे लावल्याचा परिणाम,’ असे ज्यांनी लिहिले, त्यांच्याच सहीने झाडाची तक्रार गेली होती.

एका दुपारी मी घरातला तापमापक नेऊन केबिनमध्ये टांगला. पारा पट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन थांबला, कारण पुढे पट्टी नव्हती. मी फोटो ग्रुपवर टाकला. अध्यक्षांचे उत्तर एका शब्दाचे होते: ‘अनधिकृत.’

मावशी रोज दुपारी आवार ओलांडून हिरवळीपर्यंत जात. आकडा पाहायला जाताना त्यांना जेवढे ऊन लागे, तेवढे एरवी लागले नसते. टोपीखाली ओला रुमाल असे, परत येईपर्यंत तो वाळलेला असे.

‘किती हाय आज?’ मी विचारले. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा त्यांच्यासारखी होते आणि ते त्यांना आवडत नाही, हे मला उशिरा कळले.

‘छत्तीस आहेत, ताई,’ त्या शुद्ध बोलून म्हणाल्या. मग नेहमीसारख्या झाल्या. ‘अजून चार पायजेत. आधी टीव्हीवर चाळीस म्हणलं की जीव घाबरायचा. आता रोज देवाला म्हणते, वाढू दे बाबा.’

‘चक्कर येते का?’

‘येती की. पण बसल्या बसल्या येती, कुणाला दिसत न्हाई.’

मी पुन्हा अर्ज दिला. सचिवाने लिहिले की विषय नियमानुसार बंद झाला आहे.

मग अध्यक्षांची आंब्याची पेटी आली.

अध्यक्ष आंबा बाजारात घेत नाहीत. कोकणातल्या एका बागायतदाराकडून थेट मागवतात आणि त्यावर ऐकणाऱ्याला निघून जाता येणार नाही अशा जागी उभे राहून बोलतात. हंगामातली ती शेवटची पेटी होती. गाडीवाला भर दुपारी आला तेव्हा अध्यक्ष घरी नव्हते. मावशींनी फोन लावला. ‘केबिनमध्ये ठेवा, मी आलो की नेतो,’ असे सांगून अध्यक्ष एका नातेवाइकांकडे गेले आणि तिथे जेवून झोपले.

संध्याकाळी ते पेटी घेऊन वर गेले आणि थोड्या वेळात खाली आले. माझी त्या दिवशी सुट्टी होती, मी दूध घेऊन परतत होते. अध्यक्षांच्या हातात एक हापूस होता. त्याची साल सुरकुतली होती, देठाशी काळे झाले होते आणि आंबूस वास लांबून येत होता.

मावशी केबिनबाहेर उभ्या राहिल्या. ‘साहेब, तुमीच म्हणला होता, केबिनमदी ठेवा. मी हातबी लावला न्हाई.’

‘अख्खी पेटी उकडली!’ अध्यक्ष म्हणाले. ‘अहो, केबिनमध्ये इतकं गरम होतं हे कुणी सांगायचं आम्हाला?’

‘दोन अर्ज दिले होते,’ मी म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्याकडे खरोखरच दुखावल्यासारखे पाहिले. ‘त्यात आंब्यांचा उल्लेख नव्हता.’

ते विनोद करत नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर ठराव झाला. नाशवंत वस्तू दुपारी केबिनमध्ये ठेवू नयेत, लॉबीत ठेवाव्यात. सचिवाने शंका काढली की लॉबीत वस्तू राखणीशिवाय कशा ठेवणार. त्यावर अध्यक्षांनी लिहिले की राखणीसाठी दिवसपाळीच्या सुरक्षारक्षकाने तिथेच बसावे, गेटचा दांडा आतून बटणाने उघडतो. लाटेची व्याख्या कोणी विचारली नाही. डेटा कोणी मागितला नाही. सत्तावीस अंगठे वर झाले. त्यांत पांढरी पेटी बसवणारे गृहस्थही होते.

दुसऱ्या दिवसापासून मावशी लॉबीत बसू लागल्या. कोणाच्या आंब्यांशेजारी, कोणाच्या केकशेजारी, एकदा कोणाच्या कुंडीतल्या रोपाशेजारी. चक्कर थांबली. एजन्सीचा माणूस येऊन पाहून गेला आणि काही बोलला नाही, कारण ठराव लेखी होता.

आंबे संपले. त्या आठवड्यात फारसे काही मागवले जात नव्हते. ऊन मात्र होते तसेच होते. एका दुपारी मी कामावर निघाले तेव्हा लॉबीत मावशी होत्या आणि त्यांच्या खुर्चीशेजारी सुतळीने बांधलेली आंब्याची एक लाकडी पेटी होती. फळ्यांच्या फटींतून पेंढा दिसत होता. पेंढ्याशिवाय आत काही नव्हते. लिफ्टमधून सचिव बाहेर आला, त्याने पेटीकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले आणि फोन बघत निघून गेला.

‘ही कुणाची, मावशी?’ मी विचारले.

मावशींनी पदराने पेटीवरची धूळ पुसली.

‘कुणाची तरी असंलच की ताई. येतील न्यायला.’