तालायच्या मीटरचा आकडा

बिश्केकच्या गाडीबाजारात, लोखंडी कंटेनरात बसणारा शार्शेन म्हणजे गाड्यांच्या मीटरचा वैद्यच. काचेला चिकटलेली पातळ तारांची पट्टी सुटली आणि आकडे गेले, की लोक त्याच्याकडे धावत. जुना गोंद पुसायचा, रेघेवर रेघ बसवायची, वर रबर ठेवून गरम लोखंडाने दाबायचे. ताप जरा जास्त झाला की खेळ खलास! शार्शेनचा हात मात्र कधी चुकला नव्हता.

पण धाकट्या भावाची, तालायची गाडी त्याच्याच अंगणात मुकं मीटर घेऊन पडून होती. घरात भांडून तालाय नारिनला, सासुरवाडीला निघाला आणि दोलोनच्या घाटात बर्फात अडकून गाडीतच गोठून मेला. घाटात बर्फ सुरू झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी शेजारी म्हणाला होता, "चल, घाटापर्यंत बघून येऊ. परत येत असला तर?" शार्शेन म्हणाला, "तो कसला येतोय! सासरी मटण हादडत बसला असेल." तेव्हापासून अंगणातल्या त्या बॅटरी नसलेल्या गाडीचा हॉर्न त्याला झोपेत ऐकू यायचा.

आई दर गुरुवारी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायची. तेलाच्या वासाने गेलेलं माणूस घरी येतं म्हणतात. पण रुसून गेलेलं येतं का? तालाय परत फिरला होता की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. निघताना तो मीटरमधला फेरीचा आकडा शून्यावर आणायचा. घाट अडीचशे किलोमीटरवर; जातानाच अडकला असेल तर आकडा तेवढाच. नारिन गाठून परत घाटात यायचं तर तीनशे सत्तरच्या आसपास.

उद्या गाडी भंगारात जाणार होती.

"अख्ख्या बाजाराची मीटरं बोलती करतोस, आणि भावाचंच मुकं? लाज वाटते का रे, मेल्या?" आई म्हणाली.

"अगं, पट्टी पार गेलीय त्याची."

"तुझी नियत गेलीय!"

शेवटी तो बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, आज हात चुकावा, पट्टी जळावी. पण सवयीचा हात तो, नेमका बसला. बॅटरी जोडताच काचेत आकडा उगवला. तीनशे अडुसष्ट.

"येत होता रे! माझा तालाय घरी येत होता!" आई हसत होती, रडत होती, शार्शेनचे हात धरून मुके घेत होती. "तू का रे असा बसलास?"

"अडकल्यावर वाट बघत बसला असेल गं."

"कुणाची?"

"माझी," शार्शेन म्हणाला.