बैलाचा जवस

आमच्या घरातल्या एका माणसाने सात महिने उकडलेल्या दुधी भोपळ्यावर काढले, आणि ही शिक्षा त्यांना मी दिली. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे चूकसुद्धा अगदी पद्धतशीर केली.

झालं असं की माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, स्टेंट बसवला, आबा बरे झाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तळलेलं टाळा, तेल कमी करा, रोज चाला. मी मान डोलावली. पण गाडी आमच्या पिंपळवंडीच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्या डोक्यात हिशेब जुळला होता: कमी तेल चांगलं, तर अजिबात नको हे त्याहून चांगलं. घरी आल्या आल्या ‘आबांना तेल बंद’ असं ठसठशीत लिहून कागद फ्रिजवर चिकटवला. शेंगदाण्याची चटणी, तिळाचा कूट, खोबरं, सगळं त्यातच आलं. सासूबाईंनी विचारलं, “अगं, फोडणीपुरतं तरी?” मी नाही म्हटलं. माझा तो ‘नाही’ वर्गातल्या पोरांनाही ओळखीचा आहे.

आबांनी मात्र एका शब्दाने वाद घातला नाही. कोणी विचारलं तर सांगायचे, “सून शिकल्याली हाय. तिला आपल्यापरीस जास्त कळतं.” मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटायचा.

हळूहळू आबा आमच्यात जेवायला बसेनासे झाले. आमच्या ताटात रस्सा आणि त्यांच्या ताटात पांढरा भोपळा, हे त्यांना बघवेना. ते ताट घेऊन गोठ्यात जायचे आणि निम्मं परत आणायचे. भूक मेली, टाचा भेगाळल्या, बोलणं तुटक झालं. मी म्हणायचे, वय झालं. मग जत्रेला पंधरा दिवस उरले असताना ते एकदम म्हणाले, “औंदा पावण्यांच्या पंगतीला मी बसणार नाय. मी आपला बैलांसंगं घाटात जाईन.”

आमच्याकडे जत्रा म्हणजे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या शर्यती आणि घरोघर पाहुण्यांना मासवडीचं, तीळ-खोबरं भरलेल्या बेसनवड्यांचं, जेवण. घरधनी पंगतीत बसला की मगच पाहुणे घास उचलतात. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. “धनीच नसला तर लोकांनी कुणाकडं बघून जेवायचं?” एवढंच बोलल्या आणि माझ्याकडे बघितलं. मला त्यांचा राग आला. माणसाच्या जिवापेक्षा यांना पंगत मोठी वाटते, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी आबांना चहाला बोलवायला गोठ्यात गेले. आमचा शर्यतीचा बैल पांढराशुभ्र, अंगावर माशी बसली तर घसरावी असा. आबा त्याच्यापुढे पाटी धरून बसले होते. पाटीत कणकेचे गोळे, आणि त्यात शिजवलेला जवस.

“जवस कशाला घालता?” मी विचारलं.

“मग? न्हाई घातला तर कातडं खरबरीत व्हतं. गेल्या साली आठ-धा दिस चुकला, तर अंगावरचं क्यास उभं राह्यलं. धापा टाकाय लागला. ह्याला नुसती वैरण टाकून भागत नाय.”

बोलता बोलता आबांनी स्वतःचा हात खाजवला. हातावर पांढरे ओरखडे उठले. मागून सासूबाई आल्याच होत्या. त्या म्हणाल्या, “बैलाच्या अंगावर माशी घसरती, आन् धन्याच्या अंगावर राख उठती. कुठलं शास्तर म्हणायचं हे?”

उत्तर मला येत होतं, आणि तेच जास्त झोंबलं. काही मेदाम्लं आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात, त्वचेला लागतात, काळजाला लागतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पोरं ते घडाघडा म्हणतात. मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देते आणि घरी येऊन म्हाताऱ्याला भोपळा उकडते.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बंद करा असं कोणी सांगितलं?”

“मी,” मी म्हटलं.

ते आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, सगळा दोष तेलाचा नाही, भूकच मोडली की सगळंच कमी पडतं. पण मोजून तेल हवं. जवस, कारळे, तीळ हवेत. जवस अख्खा गिळू नका, तसाच बाहेर पडतो. भाजून, कुटून, रोज चमचाभर. आबा शेजारी बसून छताकडे बघत होते, जणू बोलणं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर फ्रिजवरचा कागद फाडला आणि सांगितलं, “आबा, माझी चूक झाली. डॉक्टरांनी कमी सांगितलं होतं, मी बंद केलं.” ते नुसतं “बरं” म्हणाले. चटणीसाठी मी गोठ्यातल्या पोत्यात वाटी घातली, तर लगेच अडवलं. “त्याला हात लावू नगं. त्यो बैलाचा वाटा हाय. जत्रा झाल्याबिगर त्यातलं आपल्या तोंडात जायचं नाय.” त्यांचा तो शिरस्ताच होता, आणि आत्ता तो मोडा म्हणायला मला तोंडही नव्हतं.

मग मी माहेरी गेले. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या वाटेवर. तिथल्या उतारावर आम्ही कारळे करतो. आईने पिशवीत कारळे दिले, शेजारणीकडून जवस आणून दिला आणि निघेपर्यंत मला बोलत राहिली. “सासऱ्याला भोपळ्यावर ठिवलंस? शाळंत हेच शिकवती व्हय गं?”

मी चटणी केली. जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजला, कारळे वेगळे भाजले, लसूण-मिरची घालून खलबत्त्यात कुटले. घरभर वास सुटला. आबांच्या ताटात चमचाभर वाढली. त्यांनी ती बोटाने कडेला सारली.

“आता सवय झालीया मला,” ते म्हणाले. “आन् परत तुझ्या मनात आलं तर उद्या बंद करशील.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सात महिने ज्या विश्वासाने त्यांनी भोपळा गिळला, तो विश्वास संपला होता, आणि तो काही कोणाच्या माहेरी पिशवीत मिळत नाही. मी रोज चटणी वाढत राहिले. ती रोज कडेला राहिली. स्वयंपाकघरात जाऊन मी एकदा रडलेसुद्धा, मग स्वतःलाच म्हटलं, बाई, निकाल लागलाय, आता फेरपरीक्षेची वाट बघ.

जत्रेच्या दिवशी बैल सकाळीच हळद-गुलालात न्हाऊन घाटाकडे गेले. दुपारी अंगणात पाहुण्यांची पंगत बसली. पानं वाढून झाली. मधल्या, आबांच्या, पानावर कोणी नव्हतं, आणि त्याच्या शेजारची जागाही आपोआप मोकळी राहिली होती. पाहुणे हात मांडीवर ठेवून बसले. सासूबाई दाराआड. मी मासवडीचं ताट हातात धरून नुसती उभी.

आबा फाटकातून आत आले. कपाळावर गुलाल, अंगात धुतलेली बंडी. नळावर हातपाय धुतले आणि आपल्या पानावर येऊन बसले. एका पाहुण्याने विचारलं, “काय राव, तुमाला चालतं का हे समदं?”

“आमच्या सूनबाईला इचारा. तिनंच बंद क्येलं व्हतं, आन् तिनंच चालू क्येलंय. मी रोज चटणी सारली, तरी तिनं वाढायचं सोडलं न्हाई,” आबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले आणि ताट घेऊन त्यांच्या पानाशी आले.

आमच्याकडे जत्रेला बायका मागून जेवतात. आबांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हात थोपटला. “तू बी बस हितं. वाढाय दुसरं कुणीतरी येईल.” मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. मी बसले.

आबांनी पानाशी मी रोजच्यासारखी ठेवलेली चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. “वाढ,” ते म्हणाले. “किती ते तुला ठावं.”