तर्री थंड झाली म्हणजे गेम पास!

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या ऑफिसात एक ड्रॉवर आहे, त्यात जुन्या मोबाइलांचे चार्जर पडलेले असतात. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात. आमच्या किस्स्यांचं तसंच आहे. परवा घरी आलेल्या पाहुण्यांना एकच सांगायला बसले आणि पाहुण्यांची गाडी चुकली!

तर, आम्ही मोबाइलवरचे गेम बनवतो. नागपुरात बर्डीवर, फॉल-पिकोच्या दुकानाच्या वर, तीन माणसांचं ऑफिस. दिलीपभाऊ मालक, सुमेध कोडिंग करतो आणि मी चित्रं काढते. खाली मशीन सुरू झाली की वर माझं टेबल थरथरतं, त्यामुळे आमच्या पहिल्या गेममधल्या सगळ्या माणसांच्या मिशा जराशा वाकड्या आहेत. लोकांना ती स्टाइल वाटली. मी गप्प बसले.

*

सुमेधचं एक ठाम मत आहे. मोबाइल गेमिंग संपलं! दर सोमवारी खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधी तो हे जाहीर करतो. अजूनही करतो.

"पहिले बटनाच्या फोनवर साप होता. खेळा मनसोक्त, कोणी मधात येत नव्हतं. आता दोन मिनिटं खेळलं का जाहिरात! मंग म्हणते तुमची ताकद संपली, चार तास थांबा. हा गेम आहे का रेशनची लाइन?"

भाऊंचं उत्तरही ठरलेलं. "बिघडलं नाही गा, बदललं."

एका सोमवारी सुमेध अंगठ्याला पट्टी बांधून आला. भाऊंनी विचारलं, काय लागलं? तो सांगेना. शेवटी मी त्याचा फोन पाहिला. ज्या गेमला तो सगळ्यात जास्त शिव्या घालायचा, त्या गेममध्ये साहेब अख्ख्या विदर्भात पहिले!

"शत्रूचा अभ्यास करून राहिलो," सुमेध म्हणाला.

"कर न बाप्पा," भाऊ म्हणाले, "पण अभ्यासाले पट्टी बांधा लागते हे पहिल्यांदाच पाहून राहिलो!"

*

भाऊंना 'बदललं' म्हणायचा अधिकार आहे. तरुणपणी इतवारीत त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. लाकडी खोकी, वर दांडा, नाणं टाकून खेळायचं. तेव्हा रोज संध्याकाळी कुणाचे तरी वडील चप्पल हातात घेऊन यायचे आणि पोराचा कान धरून न्यायचे. जाताना भाऊंनाही ऐकवायचे, "आमच्या वेळी विटीदांडू होता. तुम्ही पोरं नासवली!"

त्यातले एक आखरे काका फारच तापट. त्यांनी एकदा घाईत भलत्याच पोराचा कान धरून त्याला थेट घरापर्यंत नेलं होतं. त्या पोरानंही बिचाऱ्यानं जेवण करूनच परत यायचं ठरवलं.

तेच आखरे काका परवा भाऊंना बाजारात भेटले. आता पंचाहत्तरीचे. मुलगा दुबईत. रोज संध्याकाळी बापलेक मोबाइलवर कॅरम खेळतात. भाऊंना इतका आनंद झाला! म्हणाले, "काका, मी म्हणत होतो नं, खेळानं कोणी बिघडत नाही."

"बिघडला नं!" काका तिथंच भडकले. "तू त्याले ओळखतं. फोन करून सांग त्याले. राणी निघाली का डाव अर्धा टाकून झोपते हरामखोर!"

*

सुमेधची आई गावी, कुहीला राहते. दुपारी तिचा एक ठरलेला गेम असतो, सारख्या रंगाच्या टाइल्स जुळवायच्या. दिवाळीला सुमेध घरी गेला तेव्हा त्याला दिसलं, आई पाच मिनिटं खेळते आणि मग जाहिरात सुरू होते. त्याचा जीव कळवळला. आपण गेम बनवणारे, आणि आपल्याच आईनं जाहिराती पाहायच्या? त्यानं गुपचूप आईच्या फोनवरून सगळ्या जाहिराती काढून टाकल्या. ऑफिसात येऊन आम्हाला पेढे दिले. म्हणाला, आईला या वर्षी सगळ्यात चांगली भेट दिली.

चौथ्या दिवशी ऑफिसात आईचा फोन. स्पीकर चालू होता म्हणून आम्हीही ऐकला.

"काय करून ठेवलं रे तू माह्या फोनले?"

"काहून, काय झालं?"

"वांग्याची भाजी करपली! काल वरण उतू गेलं! अरे, जाहिरात लागली का मी उठून भाजी हलवत होती. आता हा गेम मले उठूच देत नाही. तुया बापानं दोन दिवस लोणच्यासंग पोळी खाल्ली. माह्या जाहिराती मले परत लावून दे!"

सुमेधनं फोन ठेवला आणि डोकं टेबलावर टेकलं. मला त्याची दया आली, आणि खूप हसूही आलं. दोन्ही खरं. संध्याकाळी निघताना तो एकच वाक्य बोलला, "म्हणजे जाहिरात वाईट नाही. ती न विचारता येते, ते वाईट आहे."

*

त्याच सुमारास आमचा 'सरका जरा' नावाचा गेम होत आला होता. तुम्ही बसचे कंडक्टर. गावागावांत माणसं चढतात, त्यांना जागेवर बसवायचं. कुणाला खिडकी पाहिजे, कुणाजवळ कोंबडी आहे, एका नवरीला माहेरच्यांजवळच बसायचं आहे. शेवटच्या लेव्हलचं नाव होतं 'लग्नसराई'. सुमेधनं ती इतकी अवघड केली होती की भाऊंनी आणि मी नाद सोडला होता.

आमचे गेम बाजारात आणणारी कंपनी बंगळुरूची. तिथल्या मेघनामॅडम, मूळच्या पुण्याच्या, व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "गेम गोड आहे. आता असं करा, दर लेव्हलनंतर जाहिरात टाका. आणि तीन बस भरल्या की पुढची बस चाळीस मिनिटांनी येईल. थांबायचं नसेल त्यानं अजून एक जाहिरात पाहावी."

भाऊ कॅमेऱ्याजवळ सरकले. मग नम्रपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडचे लोक खऱ्या बसची वाट पाहतातच. मोबाइलमध्ये पण त्याहीले स्टँडवरच बसवायचं का?"

मॅडम हसल्या, पण हट्ट सोडेनात. म्हणाल्या, "मध्ये थांबवलं नाही तर लोक कंटाळून सोडून देतात. आमचा अनुभव आहे. शेवटपर्यंत कुणी खेळत नाही."

कॉल संपल्यावर सुमेधनं खिशातून हात काढले आणि शांतपणे सांगितलं, "मले हैदराबादची नोकरी आली आहे. हा गेम कापून-कापून बाहेर गेला, तर मी चाललो भाऊ."

खाली मशीन थरथरत होती. वर माझं टेबल. सुमेध गेला की ऑफिसात उरणार भाऊंचं मत आणि माझ्या वाकड्या मिशा. मला खरोखर भीती वाटली.

भाऊंनी मॅडमना परत फोन लावला. "तुम्ही स्वतः नागपूरले या. आपण पोह्याची टेस्ट घेऊ. लोकांनी मधातच सोडला, तर तुम्ही म्हणाल तसं. शेवटपर्यंत खेळले, तर आमचा गेम आम्ही म्हणू तसा."

*

पोह्याची टेस्ट ही आमच्या ऑफिसची रीत आहे. गणेशपेठच्या बसस्टँडजवळ सकाळी तर्री-पोह्याची गाडी लागते. ज्याच्या हातात नुकतीच प्लेट आली आहे, वर हरभऱ्याची लाल तर्री वाफाळते आहे, अशा माणसाला हुडकायचं. त्याच्या हातात आमचा फोन द्यायचा. गेमबद्दल एक शब्द बोलायचा नाही आणि तोंडाकडे बघायचं नाही, कारण नागपूरचा माणूस तोंडावर कुणाला वाईट म्हणत नाही. बघायचं फक्त प्लेटकडे. तर्री थंड झाली म्हणजे गेम पास!

या टेस्टनं आम्हाला फार रडवलं आहे. एकदा बुटीबोरीच्या कंपनीत जाणारे एक गृहस्थ आमचा आधीचा गेम घेऊन बसले. एका हातानं खेळले, दुसऱ्या हातानं पूर्ण प्लेट संपवली, अजून एक मागवली, तीही संपवली. फोन पुसून परत दिला आणि मनापासून म्हणाले, "छान आहे. तुमचा गेम असला का पोहे जास्त जातात!"

*

आता तो शनिवार.

मेघनामॅडम सकाळच्या विमानानं आल्या. सुमेधनं गेममध्ये एकच नवीन बटण टाकलं होतं, 'फोडणी' नावाचं. खेळणाऱ्याला स्वतःला थांबायचं असेल तेव्हा ते दाबायचं. मग जाहिरात लागते, आणि ती पाहिली की एक अडलेला प्रवासी आपोआप जागेवर बसतो. न दाबलं तर गेम तुम्हाला कधीच अडवत नाही. मॅडम म्हणाल्या, "आपणहून जाहिरात कोण बघेल?"

गाडीवर एक काकू प्लेट घेऊन बाकड्यावर बसल्या होत्या. पायाशी मोठी पिशवी. सुमेधनं फोन पुढे केला.

काकूंनी एक घास खाल्ला. दुसरा चमच्यातच राहिला. तर्रीची वाफ गेली, वरचं तेल थिजलं, चमचा तसाच. भाऊंनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचकली. मॅडमही प्लेटकडेच बघत होत्या.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "नरखेड लागली वं!" काकूंनी पिशवी उचलली, लोकांच्या गर्दीत शिरल्या आणि बसमध्ये चढल्या. मान खालीच. फोन हातात. आमचा!

सुमेध धावला. बस निघाली. पोहेवाल्यानं थंड प्लेट उचलून आमच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "हे पास धरायचं का चोरी?"

भाऊंनी त्या फोनवर फोन लावला. कट. परत लावला, परत कट. सुमेधनं लॅपटॉप उघडला, त्यावर गेम कुठपर्यंत आला ते दिसायचं. लेव्हल पुढे सरकत होत्या. भाऊंनी अजून एकदा लावला तेव्हा काकूंनी उचलला.

"अवो, काहून घडीघडी फोन करता? माह्या पाशिंजराचा खोळंबा होऊन राहिला!"

"काकू, तो फोन आमचा आहे."

बसच्या खडखडाटात पिशवी उपसल्याचा आवाज आला. "अगं बाई! खरंच की वं! माहा तर पिशवीत आहे!" मग आवाज खाली आला. "बरं भाऊ, घाबरू नका. माहं गाव आलं का कंडक्टरजवळ देतो. हीच गाडी परत नागपूरले येते. पण तोवर फोन नका करू, हात जोडतो."

बस काटोलच्या अलीकडे पोचली असेल तेव्हा गेम 'लग्नसराई'ला पोचला आणि तिथंच अडला. मग नेटवर्क गेलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "बघा," त्या हळूच म्हणाल्या, "शेवटपर्यंत कुणी जात नाही." सुमेधनं लॅपटॉप मिटला. त्याचा चेहरा मला बघवेना.

दुपारी आम्ही चौघं फोन घ्यायला स्टँडवर उभे. परतीच्या गाडीची वेळ झाली आणि टळूनही गेली. मॅडमचं विमान संध्याकाळी, त्या अस्वस्थ. शेवटी गाडी आली. कंडक्टर उतरला, हातात संत्र्यांची पिशवी, संत्र्यांच्या वर आमचा फोन.

"हे काकूंनी दिलं. संत्रे पण तुमचेच आहेत. माफ करा, जाताना काटोलले गाडी जरा जास्तच थांबली, म्हणून परत याले उशीर झाला."

"काहून थांबली?" भाऊंनी विचारलं.

"काकूले ते लग्नाचं काही जमत नव्हतं. पहिले शेजारची सांगे, मंग मागच्या सीटवाले उठून आले, मंग मी पण. कोणी म्हणे नवरीले पुढं बसवा, कोणी म्हणे मामाले मागं टाका. काटोलले गाडी लागली तर ड्रायव्हर म्हणे, तुम्ही सगळे एकटेच पाहून राहिले, मले पण पाहू द्या. मंग त्याच्यासाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत काकूंनी ते फोडणीचं बटण दाबलं, जाहिरात पाहिली सगळ्यायनं, मामा बसला एकदाचा. मंग काय, पूर्ण गाडीनं मिळून लग्न लावलं! लोकायनं टाळ्या वाजवल्या. तवा कुठं गाडी निघाली."

सुमेधनं फोन चालू केला. पडद्यावर मी काढलेली नवरी माहेरच्यांमध्ये बसलेली होती.

मेघनामॅडम एक पाऊल पुढे आल्या. "एक विचारू? जाहिरात तुम्ही बटण न दाबता, मध्येच आपोआप लागली असती तर?"

कंडक्टरनं तिकिटांची बॅग खांद्यावर सरकवली.

"तर मॅडम," तो म्हणाला, "फोन कवाच पिशवीत गेला असता, अन् गाडी टायमावर आली असती!"